फाटकाबाहेर पाऊल न टाकणारे पिल्लू : काय करावे?

प्रश्न : कर्वेनगरवासी

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी आमच्या घरी एक गावठी मादी पिल्लू आले. वारज्याजवळ बांधकाम चाललेल्या एका जागेवर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांच्या ढिगामागे ती आणि तिची दोन भावंडे सापडली होती. भावंडांना दुसरी घरे मिळाली आणि ही आमच्याकडे राहिली. सुकलेल्या बकुळीच्या फुलासारखा तिचा रंग असल्याने मुलीने तिचे नाव बकुळा ठेवले आहे. डॉक्टरांच्या अंदाजाने ती आता चार महिन्यांची आहे.

घरात ती अजिबात बुजरी नाही. पायपुसणी कुरतडणे, मोजे पळवून पलंगाखाली नेणे आणि कुकरच्या प्रत्येक शिट्टीला भुंकून उत्तर देणे हे तिचे नित्याचे उद्योग आहेत. लशींचे सगळे डोस पूर्ण होऊन दोन आठवडे झाले, तेव्हा डॉक्टरांनी बाहेर न्यायला हरकत नाही असे सांगितले आणि खरी अडचण तिथून सुरू झाली.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्टने खाली येऊन वाहनतळापर्यंत ती कशीबशी येते. मात्र सोसायटीच्या फाटकापाशी पावसाळी गटारावर जे लोखंडी जाळीचे झाकण आहे, तिथे पोहोचताच ती चारही पाय रोवते, मग पोट जमिनीला टेकवते, शेपूट पायांत घालते आणि कान मागे पाडून नुसती बघत राहते. घरात हातातून हिसकावून खाल्ले जाणारे बिस्कीट तिथे तिच्या नाकाला लावले तरी ती तोंड फिरवते. पाच दिवसांपूर्वी फाटकासमोर उभी असलेली रिक्षा एकदम सुरू झाली, तेव्हा ती मागच्या पायांवर जोर देऊन अशी काही झटकली की गळ्यातला पट्टा डोक्यावरून निसटला. सुदैवाने रस्त्याकडे न जाता ती आमच्याच स्कूटरखाली जाऊन लपली. त्या दिवसापासून नुसता पट्टा हातात घेतला तरी तिच्या अंगाला कापरे भरते. त्यातच पाऊस सुरू झाला असून रखवालदारकाका निळा प्लास्टिकचा रेनकोट घालून बसतात, आणि त्याच्या चुरचुर आवाजाचीही तिला धास्ती बसली आहे.

सल्ले भरपूर मिळाले आहेत. सासरे म्हणतात की उचलून घेऊ नका, लाडावेल. शेजारचे म्हणतात की चार दिवस ओढत न्या, आपोआप चालेल. मुलगी म्हणते की तिला बाहेर जायचेच नसेल तर का न्यायचे. मला असे विचारायचे आहे की या वयात तिची भीड चेपण्यासाठी नेमके काय करावे, तिला उचलून रस्ता दाखवणे योग्य की अयोग्य, आणि आमच्याकडून आधीच काही चूक होऊन बसली आहे का? ज्यांनी असे बुजरे पिल्लू प्रत्यक्ष वाढवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : जुना सहकारनगरकर

मी तीन कुत्री वाढवली आहेत आणि त्यांपैकी मधला अगदी तुमच्या बकुळासारखा होता, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आधी माझी चूक सांगतो, कारण ती केली नसती तर मला पुढचे काही कळलेच नसते. साधारण बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पिल्लू पाच महिन्यांचे झाले तरी घाबरते, तेव्हा एकदाच भरपूर गर्दी दाखवली की त्याची भीती मोडेल, अशी माझी समजूत होती. म्हणून एका रविवारी संध्याकाळी मी त्याला सारसबागेसमोर घेऊन गेलो. भेळेच्या गाड्या, पोरांचा गलका, फुगेवाला आणि त्याची ती पिपाणी. पिल्लू अर्धा तास माझ्या पायांमध्ये अगदी शांत उभे होते आणि मला वाटले की काम झाले. ते शांत नव्हते, भीतीने गोठले होते. त्यानंतर वर्षभर त्याला फुगा दिसला की ते घराकडे धूम ठोकत असे.

त्यामुळे माझी पहिली विनंती अशी की ‘फिरायला नेणे’ हा शब्द तूर्त डोक्यातून काढून टाकावा. पहिले दहा-पंधरा दिवस तुम्ही फक्त तिला घेऊन बसायला खाली जायचे आहे. घरातली तिची नेहमीची चटई किंवा जुना पंचा घ्यावा आणि फाटकापासून इतक्या अंतरावर अंथरावा की तिथे ती तुमच्या हातचे खाईल. हे खाणे हीच तुमची मोजपट्टी आहे. तिने बिस्कीट नाकारले याचा अर्थ तिला भूक नव्हती असा नसून तुम्ही फार पुढे गेला होतात असा आहे. आमच्याकडे हे अंतर पहिल्या दिवशी फाटकापासून सव्वीस पावले निघाले, म्हणजे जवळजवळ जिन्याच्या पायरीशीच आम्ही बसलो होतो, आणि मला त्याची थोडी लाजही वाटली होती. तिथून रोज नव्हे, पण दर दोन-तीन दिवसांनी चटई एक-दोन पावले पुढे सरकवत गेलो.

बसल्यावर काय करायचे, तर रस्त्यावरून काही जाण्याची वाट पाहायची. रिक्षा दिसली किंवा ऐकू आली, तिचे कान उभे राहिले, की लगेच खाऊचा एक तुकडा द्यावा. रिक्षा जाईपर्यंत एकेक तुकडा देत राहावे आणि ती दिसेनाशी झाली की खाऊही थांबवावा. हा क्रम उलटा होऊ देऊ नये. आपण आधी खाऊ दाखवला आणि मग रिक्षा आली, तर चतुर पिल्लू खाऊलाच संकटाची वर्दी समजू लागते. आणि हा खाऊ बक्षीस म्हणून द्यायचा नाही. ती बसली, भुंकली, मागे सरली, काहीही केले तरी रिक्षा आली म्हणजे खाऊ येतोच, इतके तिच्या मनात पक्के व्हायला हवे. बिस्किटाऐवजी बिनमिठाची उकडलेली कोंबडी किंवा पनीर घ्यावे, त्याचे वाटाण्याएवढे तुकडे करावेत, आणि तो पदार्थ घरात एरवी मुळीच देऊ नये.

पट्ट्याविषयी. डोक्यावरून निसटणारा गळपट्टा बाहेर वापरणे आजपासून बंद करावे. छातीवरून आणि खांद्यांभोवती इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस घ्यावा, पट्टा आणि अंग यांमध्ये दोन बोटे जातील इतकाच सैल ठेवावा, आणि दोरी साधी, दोन-एक मीटरची असावी. बटण दाबून लांब-आखूड होणारी दोरी अशा पिल्लासाठी घातक आहे, कारण हातातून सुटली तर तिचा जड प्लास्टिकचा दांडा खडखडत पिल्लाच्या मागे धावतो आणि ते आणखीच पळत सुटते. हार्नेस आधी पाच-सहा दिवस घरातच, जेवणाच्या वेळी घालावा. ताटली ठेवायची, हार्नेस घालायचा, जेवण झाले की काढायचा. पट्टा पाहून कापरे भरते असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून तो जुना पट्टा कपाटात टाकून वेगळ्या रंगाची, वेगळ्या कापडाची वस्तू आणलेली बरी.

एक शेवटची युक्ती, जी आमच्याकडे सर्वांत जास्त उपयोगी पडली. पिल्लाला घरापासून दूर जाणे नको असते, घराकडे येणे मात्र हवेच असते. तेव्हा फाटकाजवळ बसणे जमू लागल्यावर तिला उचलून पंधरा-वीस पावले बाहेर न्यावे, शांत जागी खाली ठेवावे आणि तोंड घराकडे करून तिला तिच्या गतीने परत येऊ द्यावे. उचलल्याने पिल्लू लाडावत नाही. ते जाळीचे झाकणही या प्रकारात वरच्या वरच ओलांडले जाते आणि त्याच्याशी वेगळे भांडण उरत नाही.

उत्तर २ : नाना

वरील उत्तर वाचले. लेखकाच्या अनुभवाचा आदर राखूनही मला असे वाटते की आपण आजकाल कुत्र्यांचे फार चोचले करतो. आमच्या लहानपणी भोरकडच्या गावी पिल्लाच्या गळ्यात सुंभाची दोरी बांधून त्याला शेतावर नेत असत. पहिले दोन दिवस ते ओरडे आणि लोळण घेई, तिसऱ्या दिवशी मुकाट्याने मागे येई. कोणी त्याला पनीर भरवत नव्हते, आणि तीच कुत्री पुढे रात्री-अपरात्री राखण करीत. पिल्लाला सवय लावायची की आपणच पिल्लाच्या सवयीचे व्हायचे, याचा विचार प्रश्नकर्त्या ताईंनी करावा.

उत्तर ३ : एक पशुवैद्य

नानांच्या गावाकडच्या पिल्लांचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते, फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. ती पिल्ले जन्मल्यापासून गोठा, बैलगाडी, माणसे, कोंबड्या आणि पाऊस यांच्यातच वाढलेली असत. दोरी गळ्यात पडण्यापूर्वीच त्यांचे बहुतेक शिक्षण होऊन गेलेले असे. अमेरिकेत बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांवर जे दीर्घकाळ संशोधन केले आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध केले, त्यातून साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या ओळखी होण्याचा असतो हे स्पष्ट झाले. पुढील अभ्यासकांनी ही मर्यादा चौदा आठवड्यांपर्यंत ताणली आहे. या काळात जे वारंवार आणि निर्धोकपणे समोर येते ते पिल्लाला जगाचा भाग वाटते, आणि जे येत नाही त्याच्याकडे ते पुढे संशयाने पाहते.

बकुळा दोन महिन्यांची असताना तुमच्याकडे आली आणि नेमके पुढचे सहा-सात आठवडे, लसीकरण पूर्ण होईपर्यंत, घरात राहिली. यात तुमची चूक नाही, तुम्ही सांगितले तसे वागलात. लशी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होऊन दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत द्याव्या लागतात, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारद्रव्ये अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडेलच असे नसते आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. तोवर जमिनीवर फिरवण्यात पार्व्हो या जीवघेण्या विषाणूचा धोका असतो. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो आणि अनेक घरगुती जंतुनाशकांना दाद देत नाही. मात्र कडेवर घेऊन बाल्कनीतून, गाडीतून किंवा फाटकापाशी उभे राहून जग दाखवायला या काळातही प्रत्यवाय नसतो. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच असे म्हटले आहे की, पहिली लस आणि पहिले जंतनाशक औषध देऊन सात दिवस उलटले की स्वच्छ जागी अशा ओळखी सुरू कराव्यात. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे कोणी दोन महिन्यांचे पिल्लू घरी आणले आणि हा प्रश्न वाचला, तर त्यांना ते आठवडे वाया घालवावे लागू नयेत.

त्या काळाचे दार बंद झाले तरी त्याला कुलूप लागत नाही. शिकणे पुढेही होते, फक्त अधिक सावकाश आणि अधिक वेळा उजळणी करून. सहकारनगरच्या सदस्यांनी सांगितलेली पद्धत शास्त्रशुद्ध आहे आणि ती फार पूर्वी माणसाच्या मुलावरही तपासली गेली होती. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या छोट्या मुलाची सशाची भीती घालवली, ती अशीच. मूल आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांबून दाखवायचा आणि दिवसेंदिवस थोडा जवळ आणायचा. ससा फार भरभर जवळ आणला असता तर मुलाला खाऊचीच भीती बसली असती, हा धोकाही त्याच पद्धतीत आहे. तेव्हा चटई पुढे सरकवण्याची घाई करू नये.

ओढत नेल्याने पिल्लू काही दिवसांत चालू लागते हे खरे आहे. परंतु विरोध करून काही उपयोग नाही हे कळल्यामुळे गप्प होणे आणि धीर येणे यांत फरक असतो, आणि तो फरक बहुधा आठ-दहा महिन्यांच्या वयात चावण्याच्या रूपाने माझ्या टेबलावर येतो. या वयाच्या आसपास भीतीचा आणखी एक टप्पा अनेक कुत्र्यांत दिसतो, तेव्हा जुना धसका उसळून वर येतो.

आता सासऱ्यांच्या मुद्द्याबद्दल. भीती ही भावना आहे, खाऊसाठी केलेली करामत नव्हे. घाबरलेल्या पिल्लाला जवळ घेतल्याने भीती वाढते, याला आधार नाही. ती तुमच्याकडे येत असेल तर तिला येऊ द्यावे, हात छातीवरून संथपणे फिरवावा, मोठ्याने ‘काही नाही, काही नाही’ असा धोशा मात्र लावू नये. पोट टेकवणे आणि शेपूट पायांत घालणे या भीतीच्या शेवटच्या पायऱ्या आहेत. त्याआधी ओठांवरून भर्रकन जीभ फिरवणे, झोप आली नसताना जांभई देणे, पुढचा एक पाय उचलून धरणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर टाकणे अशी चिन्हे दिसतात. ती ओळखू आली की त्याच क्षणी दोन पावले मागे यावे. पोट टेकण्याची वाट पाहू नये.

एकदा शारीरिक तपासणी मात्र करून घ्यावी. पंजात काटा, नखाला इजा, कानात दुखणे किंवा गोचिडातून आलेला ताप असेल तर पिल्लू चालायला नकार देते आणि आपण त्याला भित्रे ठरवतो. या वयात दुधाचे दात पडून नवे येत असतात, हिरड्या हुळहुळ्या असतात, म्हणूनही कडक बिस्किटापेक्षा मऊ खाऊ बरा. कांद्या-लसणाच्या रश्शातली कोंबडी, मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट ही कुत्र्यांना विषारी ठरतात, तेव्हा तेवढे टाळावे. पावसाळ्यात साचलेल्या डबक्यातले पाणी तिला पिऊ देऊ नये. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पुण्यात याच दिवसांत डोके वर काढतो आणि तो माणसांनाही होतो. तिला दिलेल्या लशींत त्याची लस होती की नाही, हे कार्डावर पाहून घ्यावे.

उत्तर ४ : एरंडवणेकर

एक लहानसा मुद्दा, जो वरील उत्तरांत आलेला नाही. रिक्षा आणि रेनकोट यांच्याइतकाच उपद्रव प्रेमळ माणसांचा होतो. ‘किती गोड आहे!’ असे म्हणत लोक वाकतात आणि थेट डोक्यावर हात आणतात, आणि बुजऱ्या पिल्लाला वरून येणारा हात घारीसारखा वाटतो. तोंडाने नको म्हणायचा मला संकोच होत असे. शेवटी मी अस्सल पुणेरी उपाय केला आणि दोरीला एक छोटी पाटी शिवून टाकली : ‘हे पिल्लू लाजाळू आहे. कृपया दुरूनच कौतुक करावे.’ लोक पाटी वाचतात, हसतात आणि खरोखरच लांब थांबतात. ज्यांना भेटायचेच असेल त्यांना मी खाऊचा तुकडा देऊन जमिनीवर टाकायला सांगते, आणि पिल्लाकडे न बघता आडवे उभे राहायला सांगते.

प्रश्नकर्त्याची पुरवणी : कर्वेनगरवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तपासणी करून घेतली. डाव्या कानात थोडी सूज होती, थेंब सुरू केले आहेत. हार्नेस आणला असून तो जेवणाच्या वेळी घालतो आहोत, आणि चटई सध्या लिफ्टच्या दारासमोर आहे, म्हणजे फाटक दिसते एवढेच. अजून दोन गोष्टी विचारते. आमच्या गल्लीत पाच भटकी कुत्री आहेत आणि ती फाटकापाशी येऊन हिच्यावर गुरगुरतात. त्यातच काही आठवड्यांत ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतील आणि नदीपात्राकडून त्यांचा आवाज आमच्यापर्यंत स्पष्ट येतो. जे थोडेफार कमावले आहे, ते यात वाहून जाईल का, अशी भीती वाटते.

उत्तर ५ : पथकातला

ढोलाच्या बाबतीत मी आरोपीच्या पिंजऱ्यातूनच बोलतो आहे, कारण मी सात वर्षे ढोल वाजवला आहे आणि माझ्याच घरच्या कुत्रीने मी सरावाहून आलो की दोन वर्षे माझ्याकडे पाठ फिरवली होती. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत. त्यामुळे ताशाची काडी आपल्याला कडकडीत वाटते, तिथे त्यांच्या कानाला काय जाणवत असेल याची कल्पनाच केलेली बरी. ढोलाचा घुमारा वेगळा, तो छातीत आणि जमिनीतून जाणवतो, आणि घराच्या खिडक्या बंद केल्याने ताशा बराच कमी होतो, ढोल तितकासा होत नाही.

परंतु सरावाचा हा काळ तुमच्या उपयोगाचाही आहे. प्रत्यक्ष मिरवणूक एकदम अंगावर येते. सराव मात्र ठरलेल्या जागी आणि साधारण ठरलेल्या वेळी होतो, म्हणजे अंतर तुमच्या हातात राहते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. त्यामुळे पथकापासून दोनशे मीटरवर ती अस्वस्थ होत असेल तर चारशे मीटरवर जाऊन पाहावे, आणि तरीही ती खात नसेल तर घरीच बसावे. सुरुवात तर घरातूनच करावी. फोनवर ढोलाचे ध्वनिमुद्रण इतक्या हळू लावावे की आपल्याला कान द्यावा लागेल, आणि तिचे रात्रीचे जेवण त्यावर व्हावे. दोन-तीन दिवसांनी आवाज किंचित वाढवावा. फोनमधून ढोलाचा घुमारा येत नाही, ही यातली उणीव आहे, तेव्हा केवळ यावर विसंबून राहू नये. विसर्जनाच्या दिवशी आणि दिवाळीत मात्र शिकवणी नको. संध्याकाळ होण्याआधीच तिला फिरवून आणावे आणि आतल्या खोलीत पंखा, टीव्ही लावून तिच्या सोबत बसावे. त्या दिवशीही ती थरथरत राहिली, तर पुढच्या वर्षी आधीच डॉक्टरांकडे जावे, औषधे असतात आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांविषयी. ती पाचही तुमचे कायमचे शेजारी आहेत असे धरूनच चालावे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे निर्बीजीकरण आणि लसीकरण केलेली भटकी कुत्री सामान्यतः जिथून पकडली तिथेच परत सोडली जातात. कानाची कड कापलेली दिसली तर ते कुत्रे त्यातून गेलेले आहे असे समजावे. आमच्या गल्लीत मी आधी एकटाच, कुत्री बरोबर नसताना, रोज त्यांच्यासमोरून जात असे आणि त्यांची ओळख करून घेत असे. कोणते नुसतेच भुंकते, कोणते खरोखर अंगावर येते आणि कोणत्या वेळी ती सगळी सुस्त असतात, हे आठवड्यात कळले. आमच्याकडे दुपारी अडीच ते चार ही वेळ शांततेची निघाली. पहाटे कोणीच नसेल असे आपल्याला वाटते, पण तेव्हाच ती सर्वांत जागी असतात, शिवाय दुधाच्या गाड्याही असतात. पिल्लाला घेऊन निघाल्यावर ती पुढे आली, तर पळू नये, पिल्लाला आपल्या मागे घ्यावे आणि मूठभर खाऊ त्यांच्या दिशेने जमिनीवर विखरून टाकावा. ती वेचू लागतात तेवढ्यात आपण वळून निघून जावे. सगळ्यांना एकदम भेटवण्याचा हट्ट नको. आमच्या गल्लीतली एक म्हातारी, पांढऱ्या तोंडाची कुत्री फार समजूतदार होती, आधी तिच्याशी ओळख झाली आणि बाकीच्यांनी मग फारसे मनावर घेतले नाही. एवढी काळजी घेऊनही कुणाचा दात लागलाच, पिल्लाला किंवा तुम्हाला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ओरखडा दिसायला किती लहान आहे याचा त्यात हिशेब करू नये.

प्रश्नकर्त्याचे निवेदन, साडेतीन आठवड्यांनंतर : कर्वेनगरवासी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले होते, म्हणून काय झाले ते कळवते. पहिले नऊ दिवस आम्ही लिफ्टपासून फाटकापर्यंतच्या वाटेवर केवळ बसून काढले आणि सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी मला बरे वाटत नाही का, असे विचारले. दहाव्या दिवशी एक रिक्षा गेली, बकुळाने आधी रिक्षेकडे पाहिले आणि मग मान वळवून माझ्या मुठीकडे पाहिले. इतका वेळ ज्याची वाट पाहत होतो ते हेच असावे, असे मला तेव्हा वाटले.

रखवालदारकाकांनी फार साह्य केले. रेनकोट अंगात घालण्याआधी तो त्यांनी चार दिवस खुर्चीवर नुसता टांगून ठेवला आणि आम्ही त्याच्या खाली कोंबडीचे तुकडे टाकत गेलो. आता ती त्यांच्या गमबुटांचा वास घेते. जाळीच्या झाकणासाठी घरात जुन्या कूलरची लोखंडी जाळी जमिनीवर ठेवली. पहिल्या दिवशी तिने एक पंजा टेकवून झटकन मागे घेतला, आठवड्याने ती त्यावर बसून चावायची दोरी चावत होती. खऱ्या झाकणावरून मात्र ती अजूनही चालत नाही, उडी मारून जाते, आणि आम्ही ते चालवून घेतले आहे.

सगळेच साधलेले नाही. उघडणारी छत्री अजिबात खपत नाही. मागच्या मंगळवारी कोणीतरी अगदी शेजारी छत्री फटकन उघडली, तेव्हा चटई पुन्हा बारा पावले मागे आणावी लागली आणि दुसऱ्या दिवशी तिला खाली नेलेच नाही. सरावाचा आवाज लांबून ऐकताना ती खाते, पण सावकाश खाते. सासरे आता रोज संध्याकाळी खिशात पनीर घेऊन स्वतःच खाली उतरतात आणि लाडावण्याचा विषय काढत नाहीत.

काल दुपारी तीन वाजता आम्ही फाटकाबाहेर गुलमोहरापर्यंत, म्हणजे मोजून एकतीस पावले गेलो. तिथल्या ओल्या गवतावर तिने पहिल्यांदाच घराबाहेर शू केली. मुलीने आनंदाने टाळी वाजवली, बकुळा दचकून चार पावले पळाली, थांबली, आणि मग परत येऊन सासऱ्यांच्या खिशात नाक घातले.